पाटल्या कुणाच्या, कांद्याचं मोल काय? वाचकांचे किमतीविषयीचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेल्या पत्रांत कांदा आहे, पाटल्या आहेत, रक्ताची पिशवी आहे आणि पाळणाघर चालवणाऱ्या एक वैतागलेल्या ताईही आहेत. सगळ्यांच्या विचारण्याचा रोख एकच: याची खरी किंमत किती?

उत्तरांआधी शब्दांची थोडी झाडलोट करून घेऊ. बाजारात त्या दिवशी जो आकडा पुकारला जातो तो भाव. प्रत्यक्ष देवघेवीत हात बदलते ती किंमत. मोल हा शब्द मूल्यावरूनच झिजत आला, पण त्याला मजुरीचा वास आहे: मोलमजुरी, मोलकरीण. शाळेत मूल्यशिक्षण आल्यापासून मूल्य म्हटलं की प्रामाणिकपणा, श्रमप्रतिष्ठा वगैरे भिंतीवरचे तक्ते आठवतात. तरी शेतमालाचे हमीभाव सुचवणाऱ्या कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या नावातही तोच शब्द बसलेला आहे. पत्रांतला निम्मा गोंधळ हे चार शब्द एकमेकांच्या जागी पडल्याने झालाय.

प्रश्न: उन्हाळ कांदा बाजार समितीत नेला. २२ क्विंटल, भाव निघाला ९००. माझा खर्च क्विंटलला १,४०० आहे. व्यापारी म्हणतो, माल एक नंबर आहे, पण आज भाव हाच. मग माझ्या कष्टाचं मोल गेलं कुठे? कांदाचाळीत अजून १०० क्विंटल आहे, विकू की थांबू?
— कांदा उत्पादक, चांदवड तालुका

लिलावात व्यापारी तुमच्या ट्रॅक्टरपाशी येतो तेव्हा तुमचा खर्च त्याच्या गणितात कुठेच नसतो. त्याच्या डोक्यात असतं ते इतकंच: आज आवक किती, पुढच्या बाजारात काय भाव चाललाय, ट्रक मिळतोय का, आणि निर्यात चालू आहे की नाही. शेवटचा मुद्दा किती जड असतो हे आठवून पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरला थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली पण ४० टक्के शुल्क होतं, सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. या पावणेदोन वर्षांत कांद्याच्या चवीत नि टिकाऊपणात काही फरक पडला नव्हता. भाव हा त्या दिवशीच्या परिस्थितीचा आकडा आहे, तुमच्या कष्टाची पावती नव्हे.

श्रमातून मूल्य तयार होतं हा विचार जुना आणि वजनदार आहे. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने तो १८१७ मध्ये मांडला, मार्क्सने पुढे नेला. पण मार्क्सच्याही हिशेबात एखाद्याने प्रत्यक्ष किती घाम गाळला हे माप नाही. तो माल तयार करायला त्या समाजात सर्वसाधारणपणे किती श्रम लागतात, हे माप आहे. आणि माल कुणाला नकोच असेल तर ते श्रमही वाया. म्हणजे या बाजूनेही ९०० रुपयांवर दाद मागता येत नाही.

आता तुमचे १,४०० कोणते, ते बघू. कृषी खर्च व मूल्य आयोग खर्चाचे तीन थर मांडतो. ‘ए-२’ म्हणजे खिशातून गेलेला खर्च: रोप, खत, औषध, मजुरी, डिझेल, जमीन खंडाने घेतली असेल तर खंड. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी मिळवली की ‘ए-२ अधिक एफएल’. त्यावर स्वतःच्या जमिनीचा धरलेला खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज चढवलं की ‘सी-२’. हमीभाव जाहीर करताना २०१८ पासून सरकार दुसऱ्या थराची दीडपट धरतं, शेतकरी संघटना तिसऱ्याची मागतात; भांडण आहे ते या दोन थरांमधलं. कांदा हमीभावाच्या पिकांत नाहीच, त्यामुळे तुमच्यासाठी यातला कुठलाच आकडा सरकारवर बंधनकारक नाही. तरीही तिन्ही थर वहीत वेगळे लिहा, कारण तीन वेगळ्या प्रश्नांना तीन वेगळे आकडे लागतात.

शेतात उभा कांदा काढायचा की रोटर फिरवून मातीत गाडायचा? इथे फक्त पुढचा खर्च बघायचा. काढणी, कापणी, भराई, वाहतूक मिळून क्विंटलला ३५० येत असतील तर ३५० च्या वरचा प्रत्येक रुपया रोटरपेक्षा बरा. आधी घातलेले हजार रुपये काढलं तरी गेलेले आहेत, नाही काढलं तरी गेलेले आहेत.

चाळीतला विकायचा की ठेवायचा? इथे घट बघायची. वजन उतरतं, सड लागते, पावसाळ्याच्या शेवटी कोंब येतात. समजा तीन महिन्यांत १०० चे ७५ क्विंटल उरतील. आजच्या ९०० ची बरोबरी करायला तेव्हा १,२०० भाव हवा (९०० भागिले ०.७५). त्यावर निवडणीची मजुरी आणि कर्जाचं तीन महिन्यांचं व्याज. म्हणजे साधारण १,२५० च्या खाली मिळणार असेल तर थांबणं तोट्याचं. यात १,४०० हा आकडा कुठेही येत नाही, आणि नेमका तोच डोक्यात धरून लोक थांबतात. ‘खर्च निघेपर्यंत विकणार नाही’ ही जिद्द चाळीत कुजते. शंका असेल तर निम्मा विका.

पुढच्या हंगामात कांदा लावायचा का? इथे मात्र ‘सी-२’च हवा, घरच्या बायकांच्या खुरपणीच्या मजुरीसकट. हा हिशेब टाळून ‘घरचंच तर आहे’ म्हणणारे वर्षानुवर्षं स्वतःच्याच जमिनीवर फुकट राबतात.

जाता जाता पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, तपासा. हमाली, तोलाई, वाराई या कपाती ओळीओळीने लिहिलेल्या हव्यात. कांदा, भाजीपाला, फळं यांची आडत (दलाली) २०१६ पासून खरेदीदाराने द्यायची आहे. तुमच्या १९,८०० मधून ती कापली असेल तर बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

प्रश्न: आईच्या सोन्याच्या दोन पाटल्या, वजन ४० ग्रॅम. आई मृत्युपत्र न करता गेली, वडील आधीच गेलेत. आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ. पाटल्या तिघांनाही हव्यात. मोडून पैसे वाटावेत असं कुणालाच वाटत नाही. खरी किंमत कशी धरायची?
— एक वाचक, मिरज

कायद्याचं आधी. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुमच्या आईच्या मालमत्तेत मुलगे, मुली आणि पती समान वाटेकरी. वडील हयात नाहीत, म्हणून तिघांचा एकेक तृतीयांश. ‘दागिने मुलींचे’ हा रिवाज झाला. भावाने आपणहून सोडलं तर ठीक, त्याच्याकडून गृहीत धरू नका.

सोन्याला दोन भाव असतात, घेतानाचा आणि मोडतानाचा. घेताना सोन्यावर मजुरी आणि ३ टक्के जीएसटी चढतो. मोडताना मजुरी, कर, नक्षी सगळं शून्य. जुन्या पाटल्यांवर हॉलमार्क नसणार (१ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक सक्तीचा झाला, पण घरातल्या जुन्या सोन्याला तो नियम नाही). म्हणून हॉलमार्किंग केंद्रात किंवा दोन वेगवेगळ्या पेढ्यांवर यंत्राने शुद्धता तपासून घ्या. यंत्र वरचा थर वाचतं, हे ध्यानात ठेवा. जुन्या दागिन्यात डाकाचं (सांधे जोडायचं) सोनं हलकं असतं, आणि पाटल्या पोकळ असतील तर आत लाख भरलेली असते. ४० ग्रॅम हे वजन लाखेसकट आहे का, ते सराफाला नक्की विचारा. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. समजा पाटल्या भरीव निघाल्या आणि शुद्धता ८६ टक्के. ४० गुणिले ०.८६, म्हणजे ३४.४ ग्रॅम शुद्ध सोनं. हिशेब सोपा जावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० धरला तर मोड ३,४४,००० रुपये.

हा झाला तळ. आईच्या हातात चाळीस वर्षं वाजलेल्या पाटल्यांचं मोल तिघांपैकी प्रत्येकाला यापेक्षा जास्त वाटतं, आणि तिघांना सारखंच वाटत नाही. ‘खरी किंमत’ म्हणून एकच आकडा शोधत बसलात तर तो मिळणार नाही. तो नसला तरी वाटप चोख होतं. ह्यूगो स्टाइनहाउस या पोलिश गणितज्ञाने १९४८ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली; ती त्याच्या सहकाऱ्याची, क्नास्टरची.

तिघांनी एकमेकांना न दाखवता चिठ्ठीवर लिहायचं: पाटल्या मला मिळाव्यात म्हणून मी त्यांचं मोल किती धरतो. अट एकच, आकडा मोडीपेक्षा कमी नको. समजा थोरल्या ताईंनी लिहिले ५,४०,०००, भावाने ४,५०,००० आणि धाकटीने ३,६०,०००. सर्वांत मोठा आकडा ताईंचा, पाटल्या त्यांच्या.

आता प्रत्येकाचा वाटा त्याच्या स्वतःच्या आकड्याचा तृतीयांश: ताईंचा १,८०,०००, भावाचा १,५०,०००, धाकटीचा १,२०,०००. बेरीज ४,५०,०००. ताईंनी वस्तू ५,४०,००० ला घेतली, म्हणजे ९०,००० शिल्लक उरले. ते तिघांत सारखे, प्रत्येकी ३०,०००. शेवटचा हिशेब असा: भावाला १,८०,०००, धाकटीला १,५०,०००, आणि ताईंनी दोघांना मिळून ३,३०,००० द्यायचे. प्रत्येकाला स्वतःच्या मोजणीने जेवढं न्याय्य वाटत होतं त्याहून ३०,००० जास्त पडले. मनं वेगळी होती म्हणूनच हे जास्तीचे आले. तिघांनी एकच आकडा लिहिला असता तर वाटायला काही उरलं नसतं.

कुठे बिघडतं? एक, चिठ्ठी आधी फुटली तर. तिघांच्या चिठ्ठ्या एकाच वेळी तिऱ्हाइताने उघडाव्यात. दोन, ‘तिला मिळू नयेत’ म्हणून कुणी आकडा फुगवला तर पाटल्या त्याच्याच गळ्यात पडतात आणि पैसेही त्यालाच भरावे लागतात, त्यामुळे खोडसाळपणा महागात जातो. तीन, आणि हे खरं दुखणं आहे: ज्याच्याकडे रोकड नाही तो मनात असूनही मोठा आकडा लिहीत नाही. चिठ्ठीत जीव उतरत नाही, खिसा उतरतो. म्हणून आकडे लिहिण्याआधीच ठरवा की पैसे तीन वर्षांत हप्त्याने चालतील, किंवा घरातल्या दुसऱ्या वाट्यातून वळते करता येतील. एवढी सोय नसेल तर ही रीत वापरू नका.

‘एकेक पाटली घेऊ’ असंही कुणी सुचवेल. तुम्ही तिघं आहात आणि पाटल्या दोन, तेव्हा ते इथे लागू नाही. एरवीही जोड फोडली की नंतर दोन्ही मोडीत जातात.

आणि समजा मोडायची वेळ आलीच, तर वारशाच्या सोन्यावर भांडवली नफ्याचा कर आहे. आईने घेतलेली किंमत, किंवा खरेदी २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव, मूळ किंमत म्हणून धरता येतो. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला दर १२.५ टक्के.

प्रश्न: मावशी ३८ वर्षांची, रस्त्यावरच्या अपघातात गेली. मागे काका, दोन मुलं आणि मावशीच्या सासूबाई. विमा कंपनीचा माणूस म्हणाला, ‘त्या कमावत्या नव्हत्या, फार काही मिळणार नाही.’ हे कायद्याने खरं आहे का?
— एक वाचक, बार्शी

नाही. त्याच्या तोंडी बोलण्यावर काहीही सही करू नका.

घरकामाचं मोल न्यायालयात ठरवताना आधी खूप ओढाताण झाली. मोटार वाहन कायद्यात १९९४ मध्ये घातलेल्या परिशिष्टात न कमावत्या पत्नीचं उत्पन्न कमावत्या नवऱ्याच्या एक तृतीयांश धरलं होतं. म्हणजे त्याच चपात्या, तेच पाळणं, तेच आजारपण काढणं. पण नवरा अधिकारी असेल तर मोल जास्त, शिपाई असेल तर कमी. २००१ मध्ये लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींसाठी महिना ३,००० धरले. २०१० मध्ये अरुण कुमार अग्रवाल प्रकरणात न्यायालयाने जनगणनेवरच बोट ठेवलं: तिथे घरकाम करणाऱ्या स्त्रिया भिकारी आणि कैद्यांच्या सोबतीने ‘काम न करणाऱ्यां’त मोडत होत्या. जानेवारी २०२१ च्या किर्ती प्रकरणात आणखी स्पष्ट झालं की गृहिणीचं उत्पन्न काल्पनिक धरलं तरी त्यावर भविष्यातली वाढही धरायची.

दाव्याचा हिशेब असा चालतो. पाया म्हणजे महिन्याचं धरलेलं उत्पन्न. न्यायाधिकरणं यासाठी बहुधा किमान वेतनाचा आधार घेतात. उदाहरणापुरते १०,००० घेऊ. वय ४० च्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के (प्रणय सेठी प्रकरण, २०१७): १४,०००. वर्षाचे १,६८,०००. मावशीच्या स्वतःच्या खर्चाचे वजा करायचे. अवलंबून माणसं चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. उरले १,२६,०००. त्याला वयाप्रमाणे गुणक (सरला वर्मा प्रकरण, २००९): ३६ ते ४० वयाला १५. गुणाकार १८,९०,०००. त्यावर अंत्यविधी, मालमत्तेची हानी आणि सहवासाची हानी यांच्या ठराविक रकमा. २०१७ मध्ये त्या १५,०००, १५,००० आणि ४०,००० होत्या आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढतात. सहवासाची रक्कम फक्त नवऱ्याला नव्हे, मुलांनाही वेगवेगळी मागता येते.

सगळा खेळ पायाच्या आकड्यावर आहे. तो १०,००० चा १५,००० झाला तर १८,९०,००० चे २८,३५,००० होतात. म्हणून ‘त्या घरीच असत’ एवढ्यावर वकिलांना थांबू देऊ नका. बचत गटाचं पासबुक, डेअरीच्या दुधाच्या चिठ्ठ्या, शिवणाचे पैसे आलेले मोबाइलवरचे व्यवहार, शेतात काम करत असतील तर सातबारा आणि शेजाऱ्याची साक्ष. मुलांची वयं, सासूबाईंच्या आजाराचे कागद. मावशी गेल्यावर स्वयंपाकाला किंवा सासूबाईंच्या देखभालीला बाई ठेवावी लागली असेल तर तिच्या पगाराची पावती. हा पुरावा फार बोलका असतो. भाषेचा विनोद असा की मोलकरणीला मोल मिळतं आणि तेच काम करणारी घरधनीण बिनमोलाची, ती जाईपर्यंत.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि वाहनाच्या विम्याची प्रत लागेल.

घरकामाची किंमत काढायच्या दोन रीती अर्थशास्त्रात आहेत. तेच काम बाहेरच्याकडून करून घेतलं तर किती पडेल, ही एक. त्या बाईंनी तो वेळ नोकरीला दिला असता तर किती मिळाले असते, ही दुसरी. दुसरीत शिकलेल्या बाईची चपाती न शिकलेल्या बाईच्या चपातीहून महाग ठरते, म्हणून आम्हाला पहिली जास्त पटते. पण पहिलीतही एक भोक आहे. स्वयंपाकाची बाई, मुलं सांभाळणारी, शिकवणी घेणारी, आजाऱ्याजवळ बसणारी यांचे दर वेगवेगळे. एकच बाई ही चारही कामं एकाच वेळी, एका कढईवर नजर ठेवून करत असते. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं भरला, पुरुषांचा ९७. घरातल्यांची देखभाल वेगळी मोजली होती. वरच्या कांद्याच्या उत्तरातला ‘एफएल’ आठवा: तीच बाई शेतात खुरपायला गेली की तिचे श्रम सरकारी हिशेबात येतात, बांध ओलांडून चुलीशी आली की गळतात.

प्रश्न: पाण्यावाचून माणूस मरतो, हिऱ्यावाचून नाही. तरी हिरा महाग. हा बाजाराचा मूर्खपणा नव्हे काय?
— कॉलेज विद्यार्थी, लातूर

अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथलाही १७७६ मध्ये हा पेच पडला होता. त्याने उपयोगाचं मूल्य आणि विनिमयाचं मूल्य अशी दोन नावं देऊन ठेवली. गाठ सुटली ती पुढे जवळपास शंभर वर्षांनी, जेव्हा १८७१ मध्ये ऑस्ट्रियात मेंगर आणि इंग्लंडात जेव्हन्स, आणि १८७४ मध्ये वालरा, असे तिघं अर्थशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे एकाच जागी पोचले.

लातूरकराला हे समजावण्याची गरज नसावी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा घरातला पहिला हंडा पिण्याचा होता, दुसरा स्वयंपाकाचा, पाचवा भांड्यांचा. नळाला पाणी आलं की दहावा हंडा अंगणात सडा घालायला जातो. बाजार ‘पाणी’ नावाच्या सगळ्या गोष्टीचा भाव करत नाही; तो हातातल्या शेवटच्या हंड्याचा भाव करतो. पाणी मुबलक असेल तर शेवटचा हंडा सड्याचा, म्हणून स्वस्त. हिरे थोडे, म्हणून शेवटचा हिराही कुणाच्या तरी मोठ्या हौसेचा. प्रयोगशाळेत हिरे बनायला लागले तसे त्यांचे भाव कोसळले, त्यावरून कळतं की मोल दगडात नव्हतं.

मूर्खपणा नाही, पण आंधळेपणा आहे. ज्याच्या खिशात टँकरचे पैसे नाहीत त्याची तहान या मोजणीत येतच नाही. रेल्वेने पाणी आणलं ते भाव बघून नव्हे.

प्रश्न: मी वर्षातून तीनदा फुकट रक्त देतो. बहिणीला पिशवी लागली तेव्हा रक्तपेढीने पैसे घेतले. दान केलेली वस्तू विकणं नैतिक आहे का?
— एक रक्तदाता, ठाणे

तुमच्या रक्ताचे पैसे कुणी घेतले नाहीत. घेतलं ते प्रक्रिया शुल्क. १९९६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आणली आणि १ जानेवारी १९९८ पासून ती लागू झाली. रक्ताला किंमत नाही, पिशवीला खर्च आहे.

कोणता खर्च? तुमच्या ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि मलेरिया अशा पाच रोगांसाठी तपासणी होते. मग ते फिरवून घटक वेगळे करतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत ठेवतात. नेहमीच्या पिशवीतल्या द्रावात त्या ३५ दिवस, जादा द्राव घातला तर ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली वर्षभर. प्लेटलेट्स २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि पाचच दिवस टिकतात. तपासणीत दोष निघाला की अख्खी पिशवी नष्ट करावी लागते, तोही खर्च चांगल्या पिशव्यांवर पडतो.

शुल्काला सरकारने कमाल मर्यादा घातली आहे. पावतीवर घटकाचं नाव, पिशवीचा क्रमांक आणि क्रॉसमॅचसारख्या (रक्त जुळतं का ते पाहणाऱ्या) तपासण्या वेगळ्या लिहिलेल्या असाव्यात. थॅलेसेमिया, सिकल सेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त विनाशुल्क देण्याचं धोरण आहे. ‘बदली रक्तदाता आणा’ ही पद्धत हळूहळू संपवायची, असं २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात आहे. त्यावर कुणी अडवून धरत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे तक्रार करता येते.

विक्रीवरच बंदी का, हेही सांगायला हवं. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये दाखवलं की पैसे मिळू लागले की गरजू माणूस आपला आजार लपवतो आणि रक्ताचा दर्जा घसरतो. दान करणाऱ्याला लपवायचं कारण नसतं. म्हणजे तुमच्या पिशवीचं चांगलेपण काही अंशी ती फुकट असण्यातच आहे. आणि तुमचं तीनदा बरोबर आहे: पुरुषांनी दोन रक्तदानांत ९० दिवस, स्त्रियांनी १२० दिवस ठेवायचे.

प्रश्न: पाळणाघर चालवते. बंद व्हायची वेळ सात; चार-पाच पालक रोज साडेसातला उगवतात. १०० रुपये दंड लावावा म्हणते. उपयोग होईल का?
— पाळणाघर चालक, डोंबिवली

आपल्या सुदैवाने हा प्रयोग करून झाला आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत वीस आठवडे नोंदी ठेवल्या. सहांमध्ये पाचव्या आठवड्यापासून दहा मिनिटांहून जास्त उशिराला १० शेकेल दंड लावला. नीझी आणि रुस्तिकिनी या संशोधकांनी २००० मध्ये निष्कर्ष छापले. उशीर करणारे वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला तरी ते कमी झाले नाहीत.

कारण उघड आहे. आधी उशीर झाला की पालकांना ताईंसमोर ओशाळं वाटायचं. दंड आला नि ओशाळेपणाचा भाव ठरला, तोही स्वस्त. पैसे टाकले की हिशेब मिटला. गावाकडच्या सावडीत हेच असतं: तुमच्या लावणीला आलेल्या माणसाच्या हातावर संध्याकाळी मजुरी ठेवली तर तो दुखावतो, कारण त्याला तुमचा दिवस उसना हवा असतो.

म्हणून १०० रुपये नकोत. दोनपैकी एक निवडा, मिसळ करू नका.

पैशाचा रस्ता घ्यायचा तर पूर्ण घ्या. त्याला दंड म्हणू नका, ‘सातनंतरची सेवा’ म्हणा. थांबणाऱ्या दोन मदतनिसांचा अर्ध्या तासाचा दीडपट किंवा दुप्पट पगार, मुलांचा खाऊ, वीज, आणि तुमचा स्वतःचा अर्धा तास यांची बेरीज करा. ती पालकांत वाटू नका; एकटं एकच मूल थांबलं तरी खर्च निघेल असा दर ठेवा. आधी नावनोंदणी, महिन्याचे पैसे आगाऊ. असे तीन-चार पालक मिळाले तर ही अडचण राहणार नाही, धंदा होईल.

लाजेचा रस्ता घ्यायचा तर पैसा मध्ये आणूच नका. सात वाजून पाच मिनिटांनी मदतनिसांनी स्वतः फोन करायचा. उशिरा आलेल्या पालकांनी वहीत स्वतःच्या हाताने वेळ लिहून सही करायची. आणि ज्यांच्यामुळे त्यांची सात-अठराची लोकल चुकते त्या मदतनिसांनीच मूल हातात द्यायचं, तुम्ही नव्हे.